काकांच्या जागी नणंद

पुराच्या सरावात गल्लीचा पहिला नंबर आला त्या दिवशी खुर्चीत टेलरबाईंची नणंद बसली होती. नणंद म्हणजे अंगाने नुसती काडी. वाऱ्याने उडू नये म्हणून खिशात दगड घेऊन फिरते, असं घरातले तिला चिडवायचे. तिला उचलायला चार माणसं लागलीच नसती, पण नियमात चार होती म्हणून चौघांनी हात लावला, आणि खुर्ची जिन्यावरून अशी झरझर खाली आली की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नणंद तर उतरायलाच तयार नव्हती. "आणखी एक फेरी मारा की," म्हणाली.

खरं म्हणजे त्या खुर्चीत बसायला हवे होते बेकरीकाका.

गल्ली नदीकाठची आणि सखल. वरच्या अंगाला धरण. धरणातून पाणी सुटलं की आधी या गल्लीत यायचं आणि सगळ्यात शेवटी इथून जायचं, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखं. पूर्वी पाणी चढायला लागलं की आपत्ती कार्यालयाची गाडी भोंगा वाजवत फिरायची आणि लोक खिडकीत उभे राहून तिची गंमत बघायचे. मग त्या कार्यालयात एक नवे साहेब आले. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून गल्लीने त्यांना शिट्टीसाहेब करून टाकलं. ते म्हणाले, कुणाचं काय दुखतं ते गल्लीला माहीत असतं, कार्यालयाला नाही. तेव्हा गट तुमचा, वाटा तुम्ही ठरवा, सरावही तुम्हीच करा, आणि जी गल्ली आधी शाळेच्या मैदानात पोचेल तिचा पहिला नंबर. बोलणं सगळ्यांना पटलं, कारण त्यात आपलं कौतुक होतं.

गटाच्या प्रमुख झाल्या टेलरबाई. त्यांचं दुकान कोपऱ्यावर. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे शिलाई मशीनवर बसल्या बसल्या त्यांना कळायचं. शिवाय बाई शब्दाला पक्क्या. दिलेल्या दिवशी कपडा मिळणार म्हणजे मिळणार. अशा बाईच्या हातात गल्ली द्यायला कुणाची हरकत असणार?

बेकरीकाका समोरच राहायचे, त्यांच्याच बंद पडलेल्या बेकरीच्या वर. गुडघे गेले तशी भट्टी विझली, आणि बसून बसून अंग वाढलं. "माझं पीठ फुगलंय, आता भाजायचंच बाकी आहे," असं ते स्वतःच म्हणायचे. दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायची, हा त्यांचा उद्योग. टेलरबाईंना मुलीसारखं अगंतुगं करायचे. काकूंचं बोलणं बेताचं. काकांच्या विनोदावर गल्ली हसायची तेव्हा त्या चहाचे कप उचलून आत जायच्या.

पहिल्या सरावाला काकांनाच खुर्चीत बसवलं होतं. खुर्ची गल्लीतल्या वेल्डरने जोडलेली, लोखंडी, चारी बाजूंना मुठी असलेली. जिना अरुंद, आणि मध्यावर वळण. त्या वळणावर खुर्ची अशी अडकली की पुढे जाईना, मागे येईना. खाली बघ्यांची गर्दी झाली. "कपाट काढताय का? मग आधी खण रिकामे करा," कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले काका. पण टेलरबाईंना त्यांचे कान दिसले. ते लाललाल झाले होते. शेवटी हिसके मारून, कठड्याची एक फळी उचकटून त्यांना कसंबसं परत वर नेलं. तोवर बाकीच्या गल्ल्या शाळेच्या मैदानात पोचून शेंगदाणे खात होत्या.

पुढच्या सरावाला टेलरबाईंनी नणंदेला बसवलं. काकांना उगाच त्रास नको, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण वरच्या गल्लीचा प्रमुख मैदानात त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसला होता, ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं, हे त्या कुणालाच बोलल्या नाहीत.

त्या दिवशी काकांनी खिडकीतून हाक मारली होती. "अगं टेलरबाई, मला नको का न्यायला?"

"कशाला काका? नणंद बसतेय तुमच्या जागी."

"बरं बरं. मग सांभाळून न्या हो मला," काका म्हणाले, आणि गल्ली पुन्हा हसली.

नंबर पहिला आला. शिट्टीसाहेबांनी पाठ थोपटली. त्यानंतर दरवेळी नणंदच काका झाली. हळूहळू तिला त्यांच्यासारखं कण्हायलाही येऊ लागलं.

खरा पूर आला तो सरावासारखा नाही आला. दुपारी टेलरबाईंच्या फोनवर संदेश आला, तयार राहा. असा संदेश फक्त गटप्रमुखांना यायचा. तो आला की ज्यांच्या घरी आजारी किंवा म्हातारं माणूस आहे त्यांना लगेच सांगायचं, बाकीच्यांनी भोंग्याची वाट बघायची, असं गल्लीने ठरवलं होतं. ठरवलं होतं ते टेलरबाईंच्याच दुकानात बसून. आणि गल्लीत असं माणूस एकाच घरात होतं, समोरच्या.

टेलरबाईंनी संदेश वाचला. समोर शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, काजं करायची राहिली होती. याआधीही असे संदेश आले होते आणि नदीने काठाची पायरीसुद्धा भिजवली नव्हती. काकूंना सांगावं तर त्या घाबरून घर डोक्यावर घेणार. आणि खुर्ची आहेच की, जिन्यावरून खाली यायला कितीसा वेळ लागतो? खुर्ची किती भरभर उतरते ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. फक्त तिच्यात कोण बसलं होतं, ते त्यांच्या मनात त्या वेळी आलंच नाही. त्यांनी फोन कापडाखाली सारला आणि काजं करायला घेतली.

भोंगा वाजला तेव्हा दिवस कलायला लागला होता आणि गटारं उलटी वाहू लागली होती. गल्ली शिस्तीत निघाली, त्याबाबत नाव ठेवायला जागा नाही. कुणी लहान पोराचा हात धरला, कुणी गॅस बंद केला. वेल्डर आणि बाकीचे तिघे खुर्ची घेऊन वर गेले, मागोमाग टेलरबाई. काकांना बसवलं, पट्टे आवळले, उचललं. चौघांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. आणि वळणावर खुर्ची अडकली.

आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. काकांची नडगी भिंतीवर घासली आणि रक्त आलं. खाली बेकरीच्या दारातून पाणी आत शिरलं होतं, आणि त्याचा आवाज जिन्यात मोठा होऊन येत होता. वेल्डरची पोरं शाळेत एकटी होती. त्याने एकदा टेलरबाईंकडे बघितलं. तेवढंच पुरे होतं.

"वर न्या परत," टेलरबाई म्हणाल्या. "काका, वरच थांबा. आम्ही बोट घेऊन येतो."

काकांनी मान डोलावली. काकूंना खाली चला म्हटलं तर त्यांनी दाराची चौकट धरली, ती सोडली नाही.

बोट आली नाही. प्रवाहाला ओढ इतकी होती की साहेबांनी बोट गल्लीत घालू दिली नाही. टेलरबाई शाळेच्या वर्गात एका बाकावर बसून राहिल्या. कुणी चहा आणून दिला, तो गार झाला. दर थोड्या वेळाने कुणीतरी म्हणायचं, पाणी वरच्या मजल्यापर्यंत नाही जायचं. ते ऐकून त्यांना धीर यायचा नाही, कारण बोलणारा स्वतःची समजूत घालतोय हे कळत होतं.

सकाळी ओढ कमी झाली तेव्हा बोट गेली. पाणी वरच्या खोलीत शिरलं होतं. काका आणि काकू स्वयंपाकाच्या ओट्यावर एकमेकांना धरून बसलेले सापडले. खिडकीचे गज तोडून, दोर लावून त्यांना बाहेर काढलं. जिवंत होते. टेलरबाईंनी घोंगडी घेऊन धाव घेतली, पण त्यांच्या आधी शिट्टीसाहेब पोचले होते.

"काका, तुम्ही मागे कसे राहिलात?" साहेबांनी विचारलं.

काकांनी टेलरबाईंकडे पाहिलं. मग साहेबांकडे. "मीच नाही म्हणालो," ते म्हणाले. "हे सगळे पाया पडत होते. पण मी घर सोडायला तयार होईना. हट्टी माणूस आहे मी."

वेल्डर जमिनीकडे बघत राहिला. टेलरबाईंच्या हातात घोंगडी तशीच होती. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ त्यांनी उघडली नाही.

गल्लीतला चिखल निघाला, भिंती वाळल्या, मशीनला तेलपाणी झालं. काका पुन्हा खिडकीत दिसू लागले, वर कसे गेले ते कुणी पाहिलं नाही. पूर्वीसारखेच बोलायचे, पूर्वीसारखीच फिरकी घ्यायचे. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर टेलरबाईंना घास तरी गोड लागला असता. उलट काका विचारायचे, "जेवलीस का गं?" आणि जेवलेलं अन्न घशाशी यायचं. काकू मात्र बदलल्या होत्या. घरात नळ पूर्ण सोडलेला त्यांना चालेना. भांडी घासायची तरी बारीक धारेखाली, आणि धार जरा मोठी झाली की हात थांबायचे. टेलरबाई चहा घेऊन जात तेव्हा ते बघत, आणि लवकर निघत.

मग शाळेत सभा झाली. आता चार गल्ल्या मिळून मोठा गट करायचा होता. शिट्टीसाहेब मनापासून बोलत होते. माणूस वाईट नव्हताच. म्हणाले, "सगळं नीट होऊनही एक अडचण राहते. आपल्यातलेच काही हट्टी लोक. मागच्या पुरात एक काका घर सोडेनात. उचलायला गेलेल्यांचा जीव धोक्यात आला. मी इतर वस्त्यांतही त्यांची गोष्ट सांगतो." काही जण हसले. ज्यांना कोण काका ते माहीत होतं, ते जरा जास्त हसले. "म्हणून पुढच्या वेळी असं करू, जो नको म्हणेल त्याला आग्रह करायचा नाही. त्याचं त्याच्यापाशी. गटाने पुढे निघायचं."

टेलरबाईंना दिसलं, पुढच्या पुरात कुणीतरी त्या जिन्याखाली उभं राहील, वर बघेल, आणि म्हणेल, ते नाही यायचे, हट्टी आहेत. आणि निघून जाईल.

त्या उभ्या राहिल्या. "ते हट्टी नाहीत," म्हणाल्या. आवाज फाटला, पण थांबला नाही. खुर्ची कशी अडकली ते सांगितलं. पहिल्या सरावालाही अडकली होती, हे सांगितलं. मग सरावात नणंदेला बसवत गेलो, कारण काका जिन्यात बसत नव्हते आणि मला पहिला नंबर हवा होता, हेही सांगितलं. सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं.

शिट्टीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, बोललात ते बरं केलंत," ते म्हणाले. त्या दिवशी किती दिवसांनी टेलरबाईंना भूक लागली. त्यांनी मागून वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू दुकानाच्या पायरीशी आल्या. "हे बोलावतायत," एवढंच म्हणाल्या.

काका खिडकीत नव्हते. खिडकीला पाठ करून बसले होते.

"बसा," ते म्हणाले. टेलरबाई चपापल्या. या माणसाने त्यांना आजवर बसा म्हटलं नव्हतं. "तुम्ही सभेत बोललात म्हणे."

"काका, मला राहवेना. माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात, आणि ते लोक तुम्हालाच—"

"तुमच्यासाठी? कोण म्हणालं?" काकांचा आवाज चढला नाही. "मी माझ्यासाठी बोललो. हट्टी म्हातारा म्हटलं की लोक शिव्या घालतात, पण माणसाला घालतात. जिन्यात न मावणारा म्हातारा म्हटलं की काय करतात ते तुम्ही बघितलंय. आज सकाळपासून खालून जाणारा प्रत्येक जण आधी जिन्याकडे बघतोय, मग वर माझ्याकडे. मी तुमच्याकडे काय मागितलं होतं? गप्प बसा, एवढंच. तेही तोंडाने मागावं लागू नये असं वाटलं होतं."

टेलरबाईंना कालचं मागून वाढून घेतलेलं जेवण आठवलं आणि त्याची लाज वाटली.

"मला विचारायचं होतंत," काका म्हणाले. "सभेत उठायच्या आधी. नणंदेला माझ्या जागी बसवायच्या आधीसुद्धा. समोरच राहतो मी. गावभर सल्लामसलत केलीत, रस्ता ओलांडून वर नाही आलात."

"विचारलं असतं तर काय झालं असतं काका? जिना तर तोच आहे."

"हे उतरतात," काकू म्हणाल्या.

"तू गप्प बस."

"नाही बसत. पुष्कळ बसले." काकू दारात उभ्या होत्या, हात पदराला पुसत. "गल्ली दुपारी झोपली की हे जिना उतरतात. बसून. हातावर भार देऊन, एकेक पायरी. खाली जाऊन भट्टीपाशी बसतात, आणि तसेच वर येतात. अख्खी दुपार जाते. मलाही जिन्यात येऊ देत नाहीत. त्या दिवशी मी म्हटलं, बसून उतरा, तर म्हणाले, आता पाणी आलं, आता वेळ कुठे आहे. दुपारी कळलं असतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

टेलरबाई गप्प राहिल्या असत्या तर कुणालाच कळलं नसतं. फोन त्यांचा, संदेश त्यांचा, त्यावर घातलेलं कापडही त्यांचंच. सभेत एवढं बोलल्या, पण हे नव्हत्या बोलल्या. तिथे टाळ्या मिळण्याजोगं बोलल्या होत्या. याला टाळ्या मिळणार नव्हत्या.

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "दुपारीच. संदेश आला होता. तुम्हाला लगेच सांगायचं ठरलं होतं आपलं. मी काजं करत बसले."

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

काका भिंतीकडे बघतच बोलले. "पुढच्या वेळी संदेश आला की वर येऊन सांगा. जिन्यात कुणी नको."

"मी खाली थांबते. मदतीला."

"जिन्यात कुणी नको. तुम्ही तर नकोच."

पुढच्या सरावाला टेलरबाई संदेश येताच मशीन सोडून रस्ता ओलांडून गेल्या. वर जाऊन दारातूनच सांगितलं आणि खाली आल्या. बेकरीचं दार ओढून घेतलं आणि दाराकडे पाठ करून रस्त्यात उभ्या राहिल्या. बघे जमू लागले तसं त्यांना एकेक करून हाकललं. वेल्डर खुर्ची घेऊन आला, त्याला ती रस्त्याच्या कडेला ठेवायला सांगितली. नणंद विचारायला आली, मी बसू का? तिच्याकडे त्यांनी असं बघितलं की ती न बोलता शाळेकडे चालू लागली.

भोंगा वाजला. बाकीच्या गल्ल्या निघाल्या, पोचल्या. वरच्या गल्लीचा प्रमुख जाता जाता म्हणाला, "काय बाई, आज शेवटून पहिला का?" दाराआडून आवाज येत होता. कापड दगडावर घासल्याचा, मग काहीच नाही, मग दमलेला श्वास. प्रत्येक वेळी आवाज थांबला की त्यांचा हात आपोआप मागे कडीकडे जायचा, आणि त्या तो परत पुढे घ्यायच्या.

शिट्टीसाहेब मैदानातून उतरून आले. "तुमची गल्ली पूर्ण नाही झाली. वर कुणी राहिलंय का? माणसं पाठवू?"

"कुणी राहिलेलं नाही," टेलरबाई म्हणाल्या. "काका येतायत."

साहेब दाराकडे निघाले, तर त्या आडव्या आल्या. मग साहेबही त्यांच्या शेजारी, दाराला पाठ करून उभे राहिले.

पुष्कळ वेळाने मागे दार उघडलं. कुणीतरी उंबऱ्यावर टेकल्याचा आवाज आला, आणि धापा.

"वळ आता," काका म्हणाले.

साहेब वळले. टेलरबाईंना लगेच वळता आलं नाही. वळल्या तेव्हा काका तळहातांवरची माती झटकत होते. हात सोलवटले होते. त्यांच्याकडे न बघता टेलरबाईंनी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ आणली आणि पट्टे सोडायला घेतले. पट्टा सुटेना.

"घाई नको," काका म्हणाले. "मला वेळ आहे."